सोनुत्तराची तयारी

डोंगरातल्या जनावराची धनुष्यबाणाने शिकार हा शिकारीतला अतिशय अवघड प्रकार. रायफलची गोळी दोन-तीनशे मीटरवरूनही काम करते. बाण खात्रीने लागायचा तर शिकाऱ्याला तीस-चाळीस मीटरच्या आत पोचावे लागते. उघड्या उतारांवर लपायला झाड नसते, वारा घटकेत दिशा बदलतो आणि चढून गेलेल्या माणसाचा श्वास फुललेला असतो. नेम धरल्यापासून बाण सुटेपर्यंत जातात ते काही सेकंद. त्यामागची तयारी महिन्यांची, कधी वर्षांची असते. अशा तयारीचे फार जुने आणि चकित करणाऱ्या बारकाईचे वर्णन पाली वाङ्मयातल्या छद्दंत जातकात आहे. त्याच कथेची चित्रे छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवर अजिंठ्यात, १० आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांत रंगवलेली आहेत.

दहावे लेणे हे चैत्यगृह आहे. त्यातली सर्वांत जुनी चित्रे सातवाहन काळातली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची मानली जातात. सतरावे लेणे पाचव्या शतकातले, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात कोरलेला विहार. दोन्ही चित्रांमध्ये पाचशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, तरी कथा तीच. दहाव्या लेण्याच्या उजव्या भिंतीवर हत्तींचा कळप, शिकारी आणि सुळे पाहून कोसळणारी राणी असा क्रम आहे. शिकाऱ्याची अवजारे आणि प्रवास यांचा तपशील मात्र भिंतीवर नाही, तो जातकाच्या गद्य भागात आहे. हा गद्य भागही साधारण पाचव्या शतकात आजच्या रूपात आला असे मानतात. म्हणजे सतराव्या लेण्यात चित्रकार रंग भरत होते, त्याच सुमारास कुणीतरी या शिकारीच्या सामानाची यादी लिहून ठेवत होते.

कथा थोडक्यात अशी. हिमालयातल्या छद्दंत सरोवराकाठी हत्तींचा राजा राहत असे, तो बोधिसत्त्व. त्याला दोन राण्या, महासुभद्रा आणि चुल्लसुभद्रा. एकदा त्याने फुललेल्या सालवृक्षाला धडक दिली, तेव्हा एकीवर फुले पडली आणि दुसरीवर वाळक्या काटक्या आणि तांबड्या मुंग्या. चुल्लसुभद्रेने हा अपमान मनात धरला, झुरून प्राण सोडला, आणि पुढच्या जन्मी ती वाराणसीच्या राजाची राणी झाली. मागचा जन्म तिला आठवत होता. तिने आजाराचे सोंग घेतले आणि त्या हत्तीचे सुळे मिळाले तरच जगेन असा हट्ट धरला. राजाने राज्यातले सगळे शिकारी गोळा केले. त्यांतून राणीने निवडला तो सोनुत्तर.

ही निवड बघण्यासारखी आहे. सर्वांत नेमबाज कोण, हे राणीने विचारले नाही. तिने शरीर पाहिले. सोनुत्तराचे पाय रुंद, पोटऱ्या फुगीर, गुडघे आणि बरगड्या मोठ्या, अंगावर जुन्या जखमांचे व्रण, रूप ओबडधोबड. आजही डोंगरी शिकारीचा जाणता वाटाड्या नव्या माणसाचे पाय आणि दम आधी पाहतो. नेम सरावाने काही आठवड्यांत सुधारतो, पाय सुधारायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. चढताना दम लागतो हे सगळ्यांना ठाऊक असते. गुडघे मोडतात ते उतरताना, कारण उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा आणि पाठीवरच्या ओझ्याचा भार झेलतात. म्हणून तयारीत उतरण्याचा सराव वेगळा करावा लागतो, आणि तोही ओझे घेऊन. मराठवाड्यातल्या माणसाला यासाठी देवगिरीच्या पायऱ्या, म्हैसमाळचा घाट, पितळखोऱ्याकडची उतरण किंवा अंतूर किल्ल्याची वाट पुरेशी आहे. पाठीवर पाच किलोपासून सुरुवात करून हळूहळू पंधरा-वीस किलोपर्यंत जायचे आणि आठवड्यात एक दिवस लांब चालायचे, ही साधी रीत सर्वांत खात्रीची.

निवड झाल्यावर राणीने सोनुत्तराला वाड्याच्या वरच्या मजल्यावर नेले आणि उत्तरेकडे बोट दाखवून वाट सांगितली. एकापलीकडे एक सात पर्वत, त्यांच्या अलीकडे अरण्यांचे पट्टे, शेवटच्या पर्वताच्या अंगाला सरोवर आणि त्याच्या काठी हत्तीची नेहमीची उभी राहण्याची जागा. तिच्याकडे असलेली माहिती मागच्या जन्माची होती. आजचा शिकारी ती नकाशांतून, उपग्रह छायाचित्रांतून आणि स्थानिक गुराख्यांकडून मिळवतो. विचारायचे प्रश्न मात्र बदललेले नाहीत. जनावर सकाळी कुठे चरते, दुपारी कुठे बसते, पाणी कुठे पिते, आणि तिथे पोचायच्या वाटा किती. डोंगरात दिवसचा दिवस एका जागी बसून दुर्बिणीतून उतार न्याहाळणे हाच शिकारीचा मोठा भाग असतो. चालत जाऊन जनावर शोधणाऱ्याला ते क्वचितच सापडते, कारण त्याआधी त्यानेच माणसाला पाहिलेले असते.

मग आली अवजारे, आणि इथे जातककथा एखाद्या गिर्यारोहण मोहिमेच्या सामानयादीसारखी वाचता येते. राणीने लोहारांना बोलावून कुऱ्हाड, कुदळ, गिरमिट, हातोडा, बांबू तोडायचा कोयता, गवत कापायचा विळा, लोखंडी पहार, खुंट्या आणि तीन टोकांचा लोखंडी आकडा घडवायला सांगितले. चामड्याच्या कारागिरांकडून मोठी पिशवी, दोर, वाद्या, जाड पादत्राणे आणि चामड्याची छत्री करून घेतली. सोबत बांधून नेता येईल असा सातूच्या पिठासारखा कोरडा शिधा दिला. या यादीत धनुष्याला फारच थोडी जागा आहे. शिकार धनुष्याने व्हायची असली तरी जवळपास सगळे सामान तिथवर पोचण्यासाठीचे आहे, आणि कथाकाराला डोंगराची खरी जाण होती याचा हा पहिला पुरावा.

दुसरा पुरावा त्या सामानाच्या वापरात मिळतो. सोनुत्तर गवताळ पट्टे विळ्याने आणि झाडी कुऱ्हाडीने कापत जातो. बांबूचे बन इतके दाट लागते, की तो शिडी करून बांबूच्या शेंड्यांवर चढतो आणि वरूनच ते ओलांडतो. दलदलीत फळ्या टाकून पुढची फळी ठेवायची, मागची उचलायची, असे करत पलीकडे जातो. मग कडा येतो. आकडा वादीला बांधून तो वर भिरकावतो. आकडा खडकात अडकला की दोराने वर चढतो. तिथे टोकदार पहारेने खडकात भोक पाडून खुंटी ठोकतो आणि खुंटीवर उभा राहतो. आकडा पुन्हा वर फेकून तो पक्का करतो. मग दोराने खाली येऊन मागची खुंटी हातोड्याने सोडवून घेतो, कारण पुढच्या टप्प्याला तीच लागणार असते.

सह्याद्रीतले सुळके चढणाऱ्या कोणत्याही प्रस्तरारोहकाला ही रीत ओळखीची वाटेल. खडकाच्या भेगेत मेख ठोकून आधार घ्यायचा, त्या आधारावर उभे राहून पुढची मेख ठोकायची आणि मागून येताना मेखा काढून आणायच्या, हे कृत्रिम आधाराचे आरोहण विसाव्या शतकात युरोपात आणि मग महाराष्ट्रात रुळले. त्याची संपूर्ण कल्पना दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका बौद्ध कथेत आहे. केवळ कल्पनेतून असा तपशील सुचणे कठीण. मध काढणारे, शिलाजित गोळा करणारे किंवा लेणी खोदणारे पाथरवट यांच्यापैकी कुणाला तरी कड्यावर असे काम करताना कथाकाराने पाहिले असावे. अजिंठ्याच्या वाघूर नदीवरच्या नालाकृती कड्यात दोरावर लोंबकळून, खडकात भोके पाडत काम करणारी माणसे तर त्या काळी होतीच.

उतरण्याची रीतही दिली आहे. माथ्यावर खुंटी ठोकायची, दोर तिच्याभोवती गुंडाळायचा आणि पिशवीत बसून कोळी धागा सोडतो तसा दोर सोडत खाली यायचे. याच जागी कथेत चामड्याच्या छत्रीचाही उल्लेख येतो; वाऱ्यावर छत्री धरून तो पक्ष्यासारखा खाली उतरला, असे म्हणतात, एवढेच सांगून कथाकार पुढे जातो. ऐकीव म्हणून सांगण्याची ही सावधगिरी त्याच्या बाकीच्या तपशिलावरचा विश्वास वाढवते.

प्रवासाला सात वर्षे, सात महिने, सात दिवस लागले. हा आकडा कथेचा आहे. सहा सुळ्यांचा हत्ती आणि पर्वतांच्या पलीकडचे सरोवरही कथेचेच. खरे हत्ती हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात राहतात. पण सावकाश जाण्यात एक शहाणपण आहे, आणि मैदानातून येणाऱ्या माणसाला ते आजही कळून घ्यावे लागते. ४००० मीटरवर हवेचा दाब कमी झाल्याने फुप्फुसांना मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. संभाजीनगर शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आणि म्हैसमाळ हजार मीटरच्या आसपास. इथे कितीही चढ-उतार केली तरी त्या विरळ हवेची सवय होत नाही. ती उंचीवरच, दिवस घालवून होते. गिर्यारोहणातला मान्य नियम असा, की ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. डोकेदुखी, मळमळ, झोप न येणे ही लक्षणे दिसली तर वर जायचे नाही. वाढली तर खाली उतरायचे. तंदुरुस्त तरुणांनाही हा त्रास होतो, उलट ते जास्त वेगाने चढतात म्हणून त्यांना धोका अधिक.

सरोवराकाठी पोचल्यावर सोनुत्तर लगेच धनुष्याला हात लावत नाही. तो पाळत ठेवतो. हत्तींचा राजा कुठे न्हातो, न्हाऊन कुठे येऊन उभा राहतो, हे पाहतो. मग कळप पाण्यावर गेलेला असताना त्या उभे राहण्याच्या जागी चौकोनी खड्डा खणतो, वर फळ्या आणि माती टाकतो, बाण सोडण्यापुरते एक छिद्र ठेवतो आणि आत दडून बसतो. अंगावर काषाय वस्त्र. भिक्षूचा वेष पाहून हत्ती आपल्याला मारणार नाही, ही त्यामागची लबाडी.

डोंगरी जनावराजवळ पोचण्याचे दोनच मार्ग आहेत, हळूहळू सरकत जाणे किंवा दबा धरून ते येण्याची वाट पाहणे. दोन्हींत निर्णायक ठरतो तो वारा. हत्ती, हरीण यांचे नाक डोळ्यांपेक्षा भरवशाचे असते. डोंगरात वाऱ्याला दिवसाचा एक क्रम असतो. सकाळी उन्हाने उतार तापू लागला की हवा वर सरकते, संध्याकाळी उतार थंड झाला की ती खाली वाहते. म्हणून दिवसा वरच्या अंगाने उतरत जनावराकडे जाणे सोयीचे. माणसाचा वास वर निघून जातो. रानमेंढ्या आणि रानबकऱ्या धोका खालून येईल अशा हिशेबाने बहुधा खालीच बघत असतात, हा वरून जाण्याचा आणखी एक फायदा. उन्हे ढगाआड गेली की हा क्रम क्षणात मोडतो, आणि तीन तासांची मेहनत एका झुळकीत वाया जाते. अशा वेळी मागे फिरून दुसऱ्या दिवशी यायचे, एवढी चिकाटी तयारीतच कमवावी लागते.

सोनुत्तराने बाण खालून वर, जनावर जवळजवळ डोक्यावर असताना सोडला. चढाच्या किंवा उताराच्या दिशेने बाण मारताना नवखा माणूस हमखास चुकतो, आणि चूक नेहमी एकाच बाजूची असते, बाण वरून जातो. याचे कारण भूमितीत आहे. बाण खाली किती पडेल हे मुख्यतः त्याने कापलेल्या आडव्या अंतरावर ठरते, डोळ्याला दिसणाऱ्या तिरक्या अंतरावर नव्हे. उतार ३० अंशांचा आणि जनावर ४० मीटरवर असेल, तर आडवे अंतर जेमतेम ३५ मीटर भरते. ४५ अंशांवर ते २८ मीटर होते. नेम ४० मीटरचा धरला तर बाण पाठीवरून निघून जातो. आजची लेझर अंतरमापके कोन मोजून हे गणित स्वतः करतात, तरी सराव केल्याशिवाय हाताला ते पटत नाही. दुसरी चूक शरीराची. उतारावर उभे राहून हात खाली-वर केला की खांदे आणि बाण यांची रेषा बिघडते. हात तसेच ठेवून कमरेतून वाकायचे, हे तिरंदाजीच्या प्रत्येक प्रशिक्षकाचे पहिले सांगणे असते.

धनुष्याची ओढही शक्तीप्रमाणे निवडावी लागते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मोठ्या जनावरासाठी किमान ४० पौंड, म्हणजे साधारण १८ किलो ओढीचे धनुष्य बंधनकारक आहे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन याला १९६९ मध्ये चाकांच्या कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले आणि हे काम बरेच सोपे झाले. या धनुष्यात दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम घटतो, त्यामुळे ताणून धरून योग्य क्षणाची वाट पाहता येते. तरीही थंडीत बधिर झालेल्या बोटांनी, एकावर एक तीन कपडे घालून, गुडघ्यावर बसून किंवा उतारावर टेकून ओढता येईल एवढीच ओढ खरी. मैदानात उभे राहून ओढता येते तिच्याहून ती बरीच कमी निघते. म्हणून सराव त्याच कपड्यांत, त्याच स्थितीत आणि दम लागलेला असताना करायचा. शंभर पावले चढावर पळत जाऊन लगेच एक बाण मारायचा, पुन्हा पळायचे. छाती धडधडत असताना श्वास अर्धा सोडून स्थिर कसे व्हायचे हे यातून उमजते.

बाण गोळीसारखा धक्का देऊन मारत नाही. त्याचे धारदार पाते रक्तवाहिन्या कापते आणि रक्तस्रावाने जनावर मरते. त्यामुळे बाण छातीतच, फुप्फुसे आणि हृदयाच्या भागातच लागला पाहिजे. रानमेंढीच्या आकाराच्या जनावरात हा भाग साधारण वीतभर रुंद असतो. ज्या अंतरावरून प्रत्येक बाण वीतभर वर्तुळात बसतो ते त्या माणसाचे शिकारीचे अंतर, त्यापुढे एक मीटरही नाही. त्यातही कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे ८५ मीटर जातो आणि आवाज ३४० मीटर. ३५ मीटरवरच्या जनावराला दोरीचा आवाज एक दशांश सेकंदात ऐकू जातो, बाण पोचायला चार दशांश लागतात. मधल्या वेळात सावध जनावर खाली दबते किंवा उडी घेते. म्हणून चरणाऱ्या, निश्चिंत जनावरावरच बाण सोडायचा, मान वर करून टक लावून पाहणाऱ्यावर नाही.

सोनुत्तराचा बाण विषारी होता. हिमालयात बचनागाच्या मुळांचे विष बाणाला लावण्याची पद्धत अलीकडच्या काळापर्यंत होती, त्यामुळे कथेतला हा तपशीलही वास्तवातून आलेला दिसतो. आज जिथे धनुष्याच्या शिकारीला परवानगी आहे, तिथे बहुतेक ठिकाणी विष निषिद्ध आहे. बाण लागल्यावर लगेच मागे धावायचे नाही, हा नियम मात्र सगळीकडे. फुप्फुसात लागलेल्या बाणानंतरही अर्धा तास थांबायचे, पोटात लागला असे वाटले तर कित्येक तास. पाठलाग केला की जखमी जनावर जिवाच्या आकांताने दूर जाते आणि कुठेतरी कपारीत तडफडून मरते. रक्ताचा माग काढत, ठिपक्या-ठिपक्याला खूण ठेवत जाणे हेही शिकावे लागते.

दहाव्या लेण्यात धनुष्याच्या शिकारीची दुसरी एक कथा रंगवलेली आहे, श्याम जातकाची. आंधळ्या आईवडिलांसाठी पाणी आणायला गेलेला श्याम हरणांच्या सोबतीने नदीवर येतो, आणि शिकारीला आलेल्या वाराणसीच्या राजाचा बाण त्याला लागतो. मराठी माणसाला श्रावणबाळाची कथा लगेच आठवेल. बाण सोडण्यापूर्वी पुढे काय आहे ते पुरते ओळखायचे, ही शिकारीतली सर्वांत जुनी शिस्त, आणि ती मोडल्याचे परिणाम या भिंतीवर दोन हजार वर्षे दिसत आले आहेत. दोन्ही कथांतल्या शिकाऱ्यांच्या कौशल्यात काही खोट नाही. दोघेही उत्तम नेमबाज आहेत, दोघांचेही बाण अचूक लागतात. चुकते ते बाण सोडायचा की नाही हे ठरवण्यात.

सोनुत्तराच्या बाबतीत ते फार स्पष्ट आहे. बाण लागल्यावर हत्तींचा राजा त्याला सहज चिरडू शकला असता. अंगावरचे काषाय वस्त्र पाहून तो थांबला आणि कारण विचारले. राणीचे नाव ऐकल्यावर त्याने सुळे घेऊ दिले. सोनुत्तराला ते कापता येईनात, तेव्हा हत्तीने स्वतःच्या सोंडेने करवत चालवून ते कापून दिले आणि मग प्राण सोडला. सात पर्वत चढण्याची सगळी तयारी असलेला माणूस या शेवटच्या कामाला पुरा पडला नाही. सुळे वाराणसीला पोचल्यावर राणीला मागचा जन्म आठवून दुःख आवरेना, आणि तीही मेली. अजिंठ्याच्या चित्रकारांनी या कथेतून रंगवायला निवडले ते कळप, सुळे आणि राणीची मूर्च्छा. चढाईचा आणि अवजारांचा पराक्रम त्यांनी वगळला.

ही भिंत आज आपल्याला दिसते, तीही एका शिकारीमुळेच. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या २८व्या घोडदळातला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला या डोंगरात आला होता. समोरच्या अंगावरून त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. तो आत गेला आणि एका खांबावरच्या चित्रावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरली. ती अक्षरे अजून आहेत. हत्तीच्या शिकारीचा पश्चात्ताप सांगणाऱ्या लेण्यात शिकाऱ्याने चित्र खरवडून नाव टाकावे, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. ब्रिटिशांसाठी या आणि सातमाळ्याच्या डोंगरांत माग काढणारे, हाके घालणारे बहुतेक भिल्ल होते. बांबूचे धनुष्य आणि बांबूच्याच सालपटाची दोरी वापरून ते सशापासून रानडुकरापर्यंत शिकार करत. अंतर थोडे, माग पक्का आणि रानाची ओळख पिढ्यांची, हेच त्यांचे बळ. जेम्स आउट्रम याने १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारली, तीही त्यांच्यासोबत शिकारीला जाऊन, त्यांचा विश्वास मिळवून. कन्नडजवळच्या औट्रमघाटाला त्याचेच नाव आहे.

त्या घाटाभोवतीचा सुमारे २६० चौरस किलोमीटरचा प्रदेश १९८६ पासून गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. बिबट्या, अस्वल, चिंकारा, भेकर, नीलगाय ही जनावरे तिथे आहेत. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत तिथे पोचला. या किंवा देशातल्या कोणत्याही डोंगरात धनुष्याने शिकार करणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचा प्रयत्न, सापळा लावणे आणि विष घालणे हेही शिकारीतच मोडते. शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा नाव घेऊन समावेश आहे, आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरणेही निषिद्ध आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. शेजारच्या नेपाळमध्ये ढोरपाटन या एकाच राखीव क्षेत्रात नाउर म्हणजे निळ्या मेंढीच्या आणि झारल या रानबकरीसारख्या जनावराच्या मर्यादित शिकारीचे परवाने मिळतात. अमेरिकेच्या रॉकी पर्वतराजीत रानमेंढ्यांसाठी सोडत पद्धतीने परवाने निघतात आणि अनेकांना वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी लागते. ब्रिटनमध्ये धनुष्याने शिकार करण्यास बंदी आहे.

भारतात या तयारीचा धनुष्याकडचा भाग फील्ड तिरंदाजीत उपयोगी पडतो. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या फील्ड प्रकारात खेळाडू रानातून, चढ-उतारांवरून फिरत २४ लक्ष्यांवर बाण मारतात. निम्म्या लक्ष्यांचे अंतर सांगितलेले असते, निम्म्यांचे डोळ्याने ओळखावे लागते. दुसऱ्या एका प्रकारात रबरी फेसाच्या प्राण्यांच्या आकृती रानात ठेवतात, कंपाउंड धनुष्यासाठी ४५ मीटरपर्यंत आणि इतर धनुष्यांसाठी ३० मीटरपर्यंत. महाराष्ट्राची अदिती स्वामी आणि ओजस देवतळे हे दोघे २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड धनुष्याचे जगज्जेते झाले ते सपाट मैदानावरच्या ५० मीटरच्या लक्ष्यावर. डोंगरउतारावरच्या स्पर्धांची सवय आपल्याकडे अजून फारशी लागलेली नाही, आणि सह्याद्री-सातमाळ्यासारखे डोंगर दाराशी असताना ती लागायला हवी.

दबा धरण्याचा आणि पाळत ठेवण्याचा भाग वन्यप्राण्यांच्या छायाचित्रणात आणि गणनेत कामी येतो. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्या रात्री राज्यातल्या अनेक अभयारण्यांत वनविभाग पाणवठ्यांजवळ मचाणे बांधतो. निवडलेले निसर्गप्रेमी तिथे रात्रभर बसून पाण्यावर आलेल्या जनावरांची नोंद करतात. त्यासाठीच्या सूचना सोनुत्तरालाही ओळखीच्या वाटल्या असत्या. भडक कपडे नकोत, अत्तर किंवा तीव्र वासाचा साबण नको, उन्हे उतरण्यापूर्वी मचाणावर चढायचे, बोलायचे नाही, विडी-सिगारेट ओढायची नाही, शिधा आणि पाणी सोबत न्यायचे, आणि उजाडेपर्यंत खाली उतरायचे नाही.